राजाची टांकसाळ आणि नाण्याची घडणावळ

गिऱ्हाईक सोने घेऊन दुकानाची पायरी चढते, तेव्हा त्याच्या मनात दोनच प्रश्न असतात. दिलेले सोने कसास व वजनास पुरे उतरून परत मिळेल काय, हा पहिला. आणि घडणावळ किती पडेल, हा दुसरा. आपल्या ज्ञातीची अब्रू पिढ्यान्‌पिढ्या या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरच उभी राहिली आहे. परंतु हे प्रश्न केवळ सोनाराच्या पेढीवर विचारले जातात असे नाही. राजेमहाराजांनाही ते चुकले नाहीत. नाणे म्हणजे तरी काय? राजाचा छाप ल्यालेला, सर्वांच्या हाती फिरणारा एक दागिनाच तो. त्यास धातू लागतो, कोळसा लागतो, कारागीर लागतो, पारखी लागतो. आणि या सर्वांची मजुरी कोणाच्या तरी पदरातून जावी लागते. ती कोणाच्या पदरातून गेली, यावरून त्या राज्याची नीती ओळखावी.

आपल्याकडील टांकसाळींचा इतिहास काही लहान नाही. छत्रपती श्रीशिवाजीमहाराजांनी सोन्याचे होन व तांब्याच्या शिवराया पाडविल्या. पुढे पेशवाईत ठिकठिकाणी सोनार व सावकार सरकारातून परवानगी घेऊन टांकसाळी चालवीत. गावोगावची नाणी निराळी असल्यामुळे व्यवहारात पदोपदी बट्टा मोजावा लागे. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे. प्रस्तुत लेखात इंग्लंडच्या राजाच्या टांकसाळीचा कारभार व तिच्या खर्चाची तरतूद यांचा विचार करण्याचे योजिले आहे. त्यास कारणे दोन. एक, मुंबईच्या टांकसाळीशी तिचा प्रत्यक्ष संबंध आलेला आहे. दुसरे, त्या टांकसाळीच्या आश्रयाने आपल्यासारखेच दोन कारागीर-समाज वाढले. त्यांपैकी एक आजही मानाने नांदत आहे आणि दुसऱ्याचे नावनिशाणही उरलेले नाही. असे का झाले, हे आपण जाणून घेण्यासारखे आहे.

प्रारंभी इंग्लंडातही नाणी एकाच ठिकाणी पडत नसत. अनेक शहरांतून राजाने नेमलेले नाणेकार असत आणि चांदीच्या पेनीवर एका बाजूस राजाचे, तर दुसऱ्या बाजूस त्या नाणेकाराचे नाव उमटविलेले असे. आपल्या हातचे काम आपल्या नावाने ओळखले जावे, ही त्यामागील कल्पना. नाणे खोटे निघाले तर सापडणारा माणूस नाण्यावरच लिहिलेला! पहिल्या हेन्री राजाने इ. स. ११२४ च्या नाताळात आपल्या नाणेकारांस विंचेस्टर येथे बोलावून घेतले आणि हिणकस नाणी पाडल्याच्या आरोपावरून कित्येकांचे उजवे हात तोडविले. शिक्षा भयंकर होती. परंतु नुसत्या शिक्षेने टांकसाळ सुधारत नाही, हे पुढील राजांस उमगले.

खरी व्यवस्था लागली ती पहिल्या एडवर्ड राजाच्या कारकीर्दीत. इ. स. १२७९ मध्ये त्याने सर्व नाणी नव्याने पाडण्याचे काम हाती घेतले, मार्सेय येथील विल्यम टर्नमायर यास टांकसाळीचा मुख्य नेमिले आणि लंडनच्या किल्ल्यात, ज्यास टॉवर म्हणतात तेथे, कारखाना पक्का केला. नाण्यावरून नाणेकाराचे नाव गेले व त्याऐवजी एका मुख्याने करारनाम्याने सर्व जबाबदारी पत्करावी, अशी पद्धती पडली.

या कारभाराची रचना मोठी पाहण्यासारखी आहे. मुख्य अधिकारी तिघे. ‘वॉर्डन’ हा राजाचा माणूस; राजाच्या हिताकडे व एकंदर शिस्तीकडे त्याने पाहावयाचे. ‘मास्टर’ हा वस्तुतः मक्तेदार. नाण्याचे वजन काय, कस काय, एका पौंड धातूतून नाणी किती पाडावयाची, हातून चुकून किती उणेअधिक झाल्यास चालेल व त्याबद्दल दर पौंडामागे त्यास मिळावयाचे काय, हे सर्व राजाशी झालेल्या लेखी करारात नमूद असे. ‘कंट्रोलर’ हा तिसरा; पहिल्या दोघांच्या हिशेबाहून निराळी अशी तिसरी वही त्याने राखावयाची, म्हणजे ताळा पाहताना लपवाछपवी उरू नये. यांच्या हाताखाली कस पाहणारा पारखी, वजन करणारा, मुशीवर देखरेख ठेवणारा, ठसे कोरणारा, असे निरनिराळे कामगार असत. ज्याच्या हाती धातू त्याच्या हाती वही नाही, आणि ज्याच्या हाती वही त्याच्या हाती काटा नाही, हे या रचनेचे मर्म होय. माणूस प्रामाणिक असेल असे गृहीत धरून ती बांधलेली नव्हती; माणूस प्रामाणिक राहणे सोपे जावे, अशी ती बांधलेली होती.

आता खर्चाकडे वळू. कोणीही व्यापारी वा सराफ आपली चांदी अथवा सोने घेऊन टांकसाळीत येई, त्याचे वजन व कस ठरे, आणि त्याची नाणी करून देताना त्यांतून दोन वजावटी होत. एक टांकसाळीची मजुरी, म्हणजे आपल्या भाषेत घडणावळ. दुसरी राजाचा हक्क. म्हणजे मध्ययुगात टांकसाळीचा खर्च धातू आणणारा सोशीत असे आणि वर राजास उत्पन्नही होई. हे उत्पन्न माफक होते तोपर्यंत कोणाची तक्रार नव्हती. परंतु तिजोरी रिकामी पडली की राजाची दृष्टी प्रथम टांकसाळीकडे वळते, हा सर्व देशांचा अनुभव आहे. आठव्या हेन्रीने इ. स. १५४४ पासून तेच केले. हजारात ९२५ भाग शुद्ध असा ज्या चांदीचा लौकिक, तिचा कस उतरत उतरत १५४६ च्या सुमारास एक तृतीयांशावर आला आणि त्याच्या मुलाच्या कारकीर्दीत १५५१ मध्ये एक चतुर्थांशावर गेला. नाण्यावरील राजाच्या नाकावरची चांदी झिजून आतले तांबे दिसू लागले, तेव्हा प्रजेने त्याचे ‘तांबड्या नाकाचा म्हातारा’ असे नाव पाडले. राजाने आपली गरज कोणाला न विचारता, न सांगता, प्रत्येकाच्या खिशातून भागविली होती. अखेर राणी एलिझाबेथने १५६०–६१ मध्ये ती हिणकस नाणी परत घेऊन कस पूर्ववत केला. गेलेली पत मिळविण्यास राज्यालाही पिढी खर्ची घालावी लागते.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा म्हणजे इ. स. १६६६ चा कायदा होय. दुसऱ्या चार्ल्सच्या कारकीर्दीत पार्लमेंटने ठरविले की, जो कोणी सोने वा चांदी टांकसाळीत आणील त्यास वजनास वजन नाणी परत द्यावी. घडणावळ नाही, राजाचा हक्कही नाही. मग टांकसाळीचा खर्च चालावा कसा? त्यासाठी परदेशातून येणारे मद्य, बिअर, सायडर, व्हिनेगर यांवर ‘टन’ नावाच्या मोठ्या पिंपामागे १० शिलिंग आणि ब्रँडीवर २० शिलिंग अशी जकात बसविण्यात आली. या जकातीचा पैसा निराळा ठेवावा व टांकसाळीवाचून अन्यत्र वापरू नये. अधिकाऱ्यांचे पगार आणि इमारतींची डागडुजी यांवर सालिना ३,००० पौंडांहून अधिक खर्च होऊ नये. आणि ज्याची चांदी आधी आली त्याची नाणी आधी द्यावी, वशिल्याने क्रम मोडू नये, अशी बंधने कायद्यातच घातली होती. कायदा प्रथम पाच वर्षांपुरता होता. पुढे त्याची मुदत वेळोवेळी वाढविण्यात आली.

या व्यवस्थेची दोन अंगे आहेत आणि दोन्ही पाहणे अवश्य आहे. चांगले अंग हे की, टांकसाळीचा खर्च प्रथमच उघड्यावर आला. राजा वाटेल तेव्हा कस उतरवून पैसा काढू शकेल, ही वाट बंद झाली. दुसरे अंग असे की, ज्यांच्यापाशी चांदीच्या लगडी होत्या अशा मोठ्या सराफांचे व व्यापाऱ्यांचे काम फुकट होऊ लागले आणि त्याची किंमत मद्य पिणारा मोजू लागला. शिवाय नाणे पाडण्यास काही पडत नाही म्हटल्यावर ते वितळविण्यातही तोटा उरला नाही. चांदी परदेशी नेल्यास अधिक भाव येई, तेव्हा पूर्ण वजनाची नाणी मुशीत जात आणि लगडी होऊन जहाजावर चढत. ईस्ट इंडिया कंपनी पूर्वेकडे जी चांदी आणी, तिचे रुपये सुरतेच्या मोगल टांकसाळीत पडत. फुकटची घडणावळ खरोखर फुकट कधीच नसते. ती कोणीतरी दुसऱ्या दाराने भरीत असतो.

याचा मोठा प्रत्यय १६९६ मध्ये आला. हातोड्याने पाडलेल्या जुन्या चांदीच्या नाण्यांच्या कडा लोकांनी इतक्या कातरल्या होत्या की, सरकारी भरण्यात येणारी नाणी जवळजवळ निम्म्या वजनाची भरू लागली. ती सर्व परत घेऊन नवी पाडण्याचे ठरले. या कामी सुमारे २७ लक्ष पौंडांची तूट आली आणि ती भरून काढण्यासाठी घरांच्या खिडक्यांवर कर बसविण्यात आला! कर चुकविण्यासाठी लोकांनी खिडक्या बुजविल्या. पण तो कर १८५१ पर्यंत उठला नाही. ज्या गरिबांस आपली कातरलेली नाणी ठरलेल्या मुदतीत सरकारात भरता आली नाहीत, त्यांचे नुकसान तर कोणीच भरून दिले नाही.

याच वर्षी सर आयझॅक न्यूटन टांकसाळीचे वॉर्डन झाले. (‘सर’ ही पदवी त्यांस पुढे १७०५ मध्ये मिळाली.) गुरुत्वाकर्षणाचा शोध लावणारा हा थोर गणिती मानाची जागा घेऊन स्वस्थ बसेल, अशीच पुष्कळांची समजूत होती. परंतु न्यूटननी भट्टीपासून ठशापर्यंत प्रत्येक कामाचा वेळ व खर्च मोजला. नॉर्विच, यॉर्क, चेस्टर, ब्रिस्टल व एक्सेटर येथे तात्पुरत्या टांकसाळी निघाल्या. त्यांपैकी चेस्टरला धूमकेतूमुळे प्रसिद्ध झालेले हॅली अधिकारी होते. खोटी नाणी पाडणाऱ्यांस पकडून त्यांच्यावर खटले भरणे हेही वॉर्डनचेच काम. ते न्यूटनना नको होते व आपल्याला त्यातून मोकळे करावे अशी त्यांनी विनंतीही केली. पण गळ्यात पडल्यावर ते त्यांनी इतक्या चिकाटीने केले की, विल्यम चॅलनर हा नामांकित बनावट नाणेवाला १६९९ मध्ये फासावर गेला. त्याच वर्षअखेर न्यूटन मास्टर झाले आणि १७२७ साली मृत्यू येईपर्यंत त्या जागी राहिले. मास्टरास सालिना ५०० पौंड वेतन असे. शिवाय पाडलेल्या नाण्यांच्या वजनावर ठरावीक दर मिळे.

एवढ्या मोठ्या माणसाचे नाणे तरी तपासल्यावाचून चाले काय? नाही, आणि येथेच आरंभी सांगितलेल्या दोन समाजांपैकी पहिला समाज पुढे येतो. टांकसाळीतून बाहेर पडणाऱ्या नाण्यांतून काही नाणी काढून ‘पिक्स’ नावाच्या पेटीत बंद ठेवीत आणि ठरावीक काळाने त्यांचे वजन व कस पंचांसमोर पाहत. हे पंच लंडनच्या सोनारांच्या ‘गोल्डस्मिथ्स कंपनी’ या संघातले असत. म्हणजे राजाच्या नाण्याचा न्याय सोनार करीत! इ. स. १७१० च्या परीक्षेत पंचांनी न्यूटन यांचे सोने कसास किंचित कमी ठरविले. न्यूटननी वाद घातला की, १७०७ साली सोनारांनीच तयार केलेला तुलनेचा पत्राच प्रमाणाहून अधिक शुद्ध आहे. आणि त्यांचे म्हणणे मान्य होऊन पुढे १६८८ चा जुना पत्रा वापरात आला. यात जिंकले कोण हा प्रश्न गौण आहे. जगातील सर्वश्रेष्ठ गणितीसही सोनाराच्या कसोटीसमोर उभे राहावे लागले, आणि सोनाराची कसोटीही तपासली गेली, यातच त्या व्यवस्थेचे तेज दिसून येते.

दुसरा समाज टांकसाळीतील नाणेकारांचा. मास्टर मक्ता घेई. पण प्रत्यक्ष पत्रे लाटणे, चकत्या कापणे व छापणे हे काम नाणेकारांच्या संघाकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. त्यांचा एक मुख्य असे, त्यास ‘प्रोव्होस्ट’ म्हणत. दर पौंड वजनामागे त्यांस मजुरी मिळे. बाहेरच्यास आत प्रवेश बहुधा नसे. आपले पुत्र, पुतणे, भाचे यांसच शागीर्द म्हणून घ्यावयाचे, असा परिपाठ. राजे बदलले, मास्टर बदलले, हातोडा जाऊन घोड्यांनी फिरणारी यंत्रे आली, १८१० च्या सुमारास टांकसाळ किल्ल्याबाहेर टॉवर हिलवर जाऊन तेथे बोल्टन यांची वाफेची यंत्रे बसली. पण नाणेकारांचा हक्क मात्र जसाच्या तसा राहिला.

दरम्यान खर्चाचे गणित बदलत होते. १८१६ च्या कायद्याने एक पौंड वजनाच्या चांदीतून ६२ ऐवजी ६६ शिलिंग पाडावे असे ठरले आणि वरचे ४ शिलिंग टांकसाळीच्या खर्चाकडे लागले. म्हणजे चांदीच्या नाण्यास पुन्हा घडणावळ आली. पण या वेळी ती कायद्याने जाहीर केलेली होती. ज्या काळात प्रत्येक शिलिंगाचा हिशेब लोकांपुढे मांडावा लागू लागला, त्या काळात यंत्राने सोपे झालेले काम जुन्याच हक्काने जुन्या दराने करून घेणाऱ्यांकडे लोकांची नजर जाणारच होती. नाणी पुष्कळ पडली त्या वर्षी संघास भरमसाट प्राप्ती होई; पण त्यांच्या कामावर मास्टरचा अधिकार पुरता चालत नसे. १८४८ साली चौकशी-मंडळ नेमले गेले आणि १८५१ मध्ये संघाचा हक्क रद्द होऊन सभासदांस नुकसानभरपाई मिळाली. खिडक्यांवरील कर व नाणेकारांचा वंशपरंपरागत हक्क, ही दोन्ही एकाच वर्षी इतिहासजमा व्हावीत, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. त्यानंतर ज्योतिषशास्त्रज्ञ हर्शल व रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहम हे क्रमाने मास्टर झाले. ग्रॅहम १८६९ मध्ये वारले. १८७० च्या कायद्याने मास्टर हे पद ब्रिटनच्या अर्थमंत्र्याकडे गेले व प्रत्यक्ष कारभार उपमास्टरकडे आला. ही टांकसाळ १९६८ मध्ये वेल्स प्रांतातील लॅन्ट्रिसंट येथे सुरू झालेल्या नव्या कारखान्यात टप्प्याटप्प्याने गेली आणि १९७५ मध्ये लंडनातील नाणी पाडणे थांबले.

आता मुंबईविषयी. मुंबई बेट १६६८ मध्ये कंपनीकडे आले आणि १६७६ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने तेथे रुपये, पैसे व बजरूक पाडण्याची परवानगी कंपनीस दिली. वजनास वजन नाणी फुकट पाडून देण्याचा कायदा ज्याच्या कारकीर्दीत झाला, तोच हा राजा. पुढे १८२४ ते १८२९ या काळात मेजर जॉन हॉकिन्स यांच्या देखरेखीखाली मुंबई कोटातील टांकसाळीची इमारत उभी राहून वाफेची यंत्रे बसली. १८३५ मध्ये १८० ग्रेन वजनाचा, बारात अकरा भाग चांदीचा एकच रुपया कंपनीच्या मुलखात कायम झाला आणि ठिकठिकाणच्या जुन्या नाण्यांचा बट्टा हळूहळू संपत गेला. १८९३ साली लोकांनी चांदी आणून रुपये पाडून घेण्याची मुभा बंद झाली. आणि १९१८ मध्ये, पहिल्या महायुद्धाच्या काळात, लंडनच्या राजाच्या टांकसाळीची शाखाच मुंबईत निघाली. त्या एका वर्षात तेथे १२,९५,३७२ सोन्याची सॉव्हरिन नाणी पडली. आपल्या घरोघरी ‘गिनी’ म्हणून जपलेली नाणी याच जातीची. एखाद्या नाण्यावर १८ सालाबरोबर ‘आय’ हे बारीक इंग्रजी अक्षर दिसले, तर ते मुंबईत जन्मलेले आहे असे समजावे. मुंबईची टांकसाळ आजही चालू असून २००६ पासून ती भारत सरकारच्या महामंडळाच्या अखत्यारीत आहे.

असो. इतक्या लांबचा प्रवास करून आलेल्या वाचकांपुढे शेवटी एक गोष्ट मांडावयाची आहे. नाणेकार व सोनार हे दोन्ही संघ एकाच राजाच्या आश्रयास होते. दोघांचेही हक्क जुने, दोघांचाही हात कसबी. परंतु नाणेकारांनी आपले दार बंद करून घेतले आणि हक्कालाच भांडवल मानले. सोनारांनी मात्र दुसऱ्याची परीक्षा घेण्याचा मान मिळविला व स्वतःच्या परीक्षेसही ते उभे राहिले. दागिन्यावरील ज्या ‘हॉलमार्क’चा नियम आपल्याकडे २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, तो शब्द त्यांच्याच सभागृहावरून, ‘गोल्डस्मिथ्स हॉल’वरून आलेला आहे. एवढेच नव्हे, तर त्यांनी आपला पैसा विद्येकडे लावला. १८७८ मध्ये लंडनातील औद्योगिक शिक्षणाची मोठी संस्था काढण्यात इतर संघांबरोबर ते होते. १८९१ मध्ये त्यांनी न्यू क्रॉस येथे सर्वांसाठी शिक्षणसंस्था उघडली आणि १९०४ मध्ये ती लंडन विद्यापीठाच्या स्वाधीन केली. नाण्यांची परीक्षा त्यांच्याच सभागृहात आजही भरते. नाणेकारांची आठवण मात्र पुस्तकांतच शोधावी लागते.

मी हयातभर पेढीवर न बसता शाळेत मुलांस हिशेब शिकविला. तथापि जन्माने याच ज्ञातीचा असल्यामुळे, सोनारानेच कान टोचावे या न्यायाने दोन शब्द बोलतो. यंत्राचा दागिना आला, हॉलमार्क आला, आपली मुले निरनिराळ्या धंद्यांत गेली, म्हणून पुष्कळ वडीलधारी मंडळी हळहळतात. ती हळहळ खोटी नाही. परंतु कसब आपल्या घरातच राहावे असा हट्ट धरून ते टिकत नाही. ते शिकवीत राहिल्याने आणि पारखून घेत राहिल्याने टिकते. जो मुलगा वा मुलगी पारखीचे शास्त्र, धातूचे रसायन अथवा जमाखर्चाची विद्या शिकू इच्छील, त्याची घडणावळ मंडळाने उचलावी. तिचा पैसा निराळा ठेवावा, त्याची वही दुसऱ्याच्या हाती द्यावी, आणि ज्याचा अर्ज आधी त्याचा विचार आधी, हा १६६६ चा नियम पाळावा. आणि दरसाल एकदा आपल्या हिशेबाची पेटी ज्ञातीबाहेरील जाणत्या माणसापुढे उघडावी. ज्याचा कस खरा आहे त्याला कसोटीच्या दगडाचे भय कशाला?